मायच्या चेहऱ्याचा रंग कोणी ठरवला?

छायाचित्रावरून केलेली लहान तैलचित्रे आपल्या समीक्षेने फारशी विचारात घेतलेली नाहीत. समीक्षक प्रदर्शनाच्या दालनात जातात; ही चित्रे वस्तीतल्या घरांत असतात. नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अकोल्यापासून जामखेडपर्यंत बौद्ध वस्त्यांतल्या कितीतरी घरांत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी गेलेल्या आईबापाचे रंगवलेले चित्र टांगलेले दिसते. ज्यांच्या पूर्वजांचा चेहरा कोणी जपून ठेवला नाही, त्यांच्या दृष्टीने ही वीतभर चौकट म्हणजे इतिहासाचा पहिला पुरावा आहे. म्हणूनच तिची चिकित्सा झाली पाहिजे.

हे चित्र बहुधा दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटरच करतो. फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन कॅनव्हासवर मोठे आखायचे आणि एकेका चौकोनातली रेषा उतरवून घ्यायची. नाकडोळे असे जागच्या जागी येतात. पण जुना फोटो कृष्णधवल असतो. तो उजेड आणि सावली सांगतो, रंग सांगत नाही. रंग ठरवावा लागतो. या कलेचे सारे राजकारण त्या एका निर्णयात आहे.

बाबासाहेबांचा कोट पाहा. त्यांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. तरी चित्रांत आणि पुतळ्यांत तो कोट निळा झाला. हा निळा कॅमेऱ्याने दिलेला नाही. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपासून पुढे रिपब्लिकन पक्षापर्यंत जो रंग चळवळीने आपला मानला, तोच समाजाने आपल्या नेत्याच्या अंगावर चढवला. हा खोटेपणा नव्हे. हा आत्मनिर्णय आहे.

आता आईचे चित्र पाहा. अकोले तालुक्यातल्या एका घरात मी असे चित्र पाहिले. बाईने जन्मभर उन्हात खडी फोडली होती. चित्रात ती गुलाबी गोरी होती. कपाळावरचे, हनुवटीवरचे गोंदण गेले होते आणि गळ्यात तिने कधी न घातलेला सोन्याचा हार होता. तिची म्हातारी बहीण म्हणाली, “ही आमची आक्का न्हाई.” या चार शब्दांत जी समीक्षा आहे, ती आपल्याला अजून लिहिता आलेली नाही.

दोष एकट्या पेंटरचा नाही. ‘जरा उजळ करा’ असे घरचेच सांगतात. आणि रंगाच्या दुकानात ‘फ्लेश टिंट’ नावाची फिकट गुलाबी नळी मिळते. कातडीचा रंग म्हणजे हाच, असे ती नळीच ठरवून टाकते. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने १९६२ साली आपल्या खडूचे ‘फ्लेश’ हे नाव बदलून ‘पीच’ केले. नागरी हक्कांच्या चळवळीचा तो काळ होता. त्याच देशातली कृष्णवर्णीय चित्रकार एमी शेराल्ड स्वतः काढलेल्या छायाचित्रांवरून व्यक्तिचित्रे करते आणि माणसांची कातडी जाणीवपूर्वक करड्या छटांत रंगवते. मिशेल ओबामांचे तिने केलेले, २०१८ साली प्रकाशित झालेले चित्रही तसेच आहे. रंग हा विचार आहे, हे तिने ओळखले.

आपल्या साहित्याने हे काम पूर्वीच केले. याच अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली ‘बलुतं’ लिहिले, तेव्हा आपल्या माणसांना त्यांनी गोरे करून घेतले नाही. शब्दांत जे धैर्य आले, ते भिंतीवर का येऊ नये? प्रस्थापितांनी आपल्याला कुरूप ठरवले. त्याला उत्तर म्हणून त्यांचाच रंग उसना घेणे हा विद्रोह नव्हे, ती शरणागती आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी एवढे करावे. पेंटरकडे फोटो देताना त्या माणसाला ओळखणारे म्हातारे माणूस सोबत न्यावे. रंग कोणता, गोंदण कुठे, कपाळावरचा घाव कशाचा, हे त्याला सांगू द्यावे. कोट निळा करण्याचा अधिकार आपण बजावला. माय सावळी ठेवण्याचा अधिकारही आपलाच आहे.