नाताळ, बेट आणि एक जुनी कादंबरी

नाताळची सुट्टी सरली, गव्हाणीतील मूर्ती पुन्हा कागदात गुंडाळून माळ्यावर गेल्या, की आपल्या नियतकालिकांकडे प्रवासवर्णनांचा ओघ सुरू होतो. पूर्वी हे लेखन पवित्र भूमी, रोम, लूर्द, फातिमा अशा यात्रास्थळांपुरते असे. पुढे मुले नोकरीधंद्याला लागली, हाती चार पैसे आले, आणि सहकुटुंब एखाद्या बेटावर जाऊन नाताळ साजरा करण्याची प्रथा पडली. त्यात गैर काही नाही. परंतु या लेखनाचा एक साचा बनून गेला आहे: विमान, निळे पाणी, पांढरी वाळू, नामांकित हॉटेल, आणि अखेरीस परमेश्वराच्या निर्मितीचे दोन ओळींत स्तवन. हा साचा कोठून आला आणि त्यात काय निसटते, याचा विचार येथे करावयाचा आहे. तो करताना आम्ही स्वतःलाही वगळत नाही; कारण गेल्या नाताळात आम्हीही सहकुटुंब मॉरिशसला जाऊन आलो, आणि परतताच असेच एक प्रवासवर्णन लिहावयास बसलो होतो.

मॉरिशसचा नाताळ खरोखरच मनोहर असतो. आपल्याकडे वैशाखात फुलणारा गुलमोहोर तेथे ऐन डिसेंबरात लालभडक होतो, आणि बाजारात लिचीचे घोस लटकत असतात. या बेटाच्या जाहिरातींत मार्क ट्वेनचा हवाला हटकून असतो: आधी मॉरिशस निर्माण झाले व मग त्यावरून स्वर्ग घडवला गेला, असे तो म्हणे म्हणून गेला. वस्तुस्थिती निराळी आहे. ट्वेन १८९६ साली तेथे गेला होता, आणि १८९७ च्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने हे बोल तेथील एका रहिवाशाच्या तोंडचे म्हणून नोंदवले. लगेच पुढे दुसऱ्या रहिवाशाचे म्हणणेही दिले, ते असे की यात अतिशयोक्ती आहे. जाहिरातदारांनी पहिला रहिवासी ठेवला, दुसरा गाळला. आपल्या प्रवासवर्णनांतही बहुधा हा दुसरा रहिवासी नसतो.

बेट म्हणजे स्वर्ग, ही कल्पना ज्या पुस्तकांनी घरोघर नेली, त्यांत बेर्नार्दां द सँ-प्येर या फ्रेंच लेखकाच्या ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या १७८८ सालच्या कादंबरीचा मान मोठा आहे. लेखक १७६८ ते १७७० या काळात अभियंता म्हणून या बेटावर राहिला होता. तेव्हा त्याचे नाव होते ‘फ्रान्सचे बेट’. कथा साधी आहे. समाजाने दूर लोटलेल्या दोन माता आपापले मूल घेऊन डोंगराच्या कुशीत शेजारी शेजारी राहतात. मुले भावंडांसारखी वाढतात, पुढे एकमेकांवर जीव जडतो. श्रीमंत आतेआजी व्हर्जिनीला फ्रान्सला बोलावून घेते. काही वर्षांनी ती परतते; पण किनारा समोर दिसत असताना तिचे ‘सँ-जेराँ’ हे जहाज वादळात फुटते. एक खलाशी तिला वाचवू पाहतो. मात्र त्यासाठी अंगावरील जड वस्त्रे उतरवणे भाग असते. ती नकार देते आणि बुडते.

या जहाजफुटीची तारीख विचार करण्याजोगी आहे. ‘सँ-जेराँ’ हे खरेखुरे जहाज होते, आणि ते या किनाऱ्यावर फुटले ऑगस्ट १७४४ मध्ये. कादंबरीत मात्र ते २४ डिसेंबरला दृष्टीस पडते आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन नाताळच्या सकाळी, फुटते. ऑगस्ट हा तेथील थंडीचा काळ; चक्रीवादळांचा मोसम डिसेंबराच्या सुमारास असतो. तेव्हा वादळासाठी तारीख हलवणे लेखकाला आवश्यकच होते. परंतु त्या मोसमातील इतके दिवस मोकळे असता त्याने नेमका हाच दिवस निवडला. निष्पाप कन्येचे मरण ख्रिस्तजन्माच्या दिवशी घडले, म्हणजे वाचकाच्या डोळ्यांत अधिक पाणी येणार, हे त्याला कळत असावे, असे आमचे मत आहे. हे पाणी आलेही. पुढे पांप्लमूस येथे येणाऱ्या प्रवाशांना या कल्पित प्रेमिकांच्या समाध्या म्हणून जागा दाखवल्या जाऊ लागल्या.

पुस्तकाचे गुण आम्ही नाकारीत नाही. उष्ण कटिबंधातील झाडे, पाऊस, समुद्राचे रंग इतक्या जवळून पाहणारा लेखक त्या काळच्या युरोपीय कादंबरीत दुर्मीळ होता. आणि बेटावरील गुलामगिरीवर त्याने १७७३ च्या आपल्या प्रवासग्रंथात कठोर टीका केली होती, हेही विसरता येणार नाही. म्हणूनच कादंबरीतील एका प्रसंगापाशी आम्ही थबकलो.

एका रविवारी पहाटे दोघी माता पांप्लमूसच्या चर्चमध्ये पहिल्या मिस्सेला गेल्या असता, मालकाकडून पळालेली एक गुलाम स्त्री दाराशी येते. ती उपाशी आहे, अंगावर चाबकाचे वळ आहेत. व्हर्जिनी घरच्यांसाठी केलेली न्याहारी तिला वाढते. येथवर प्रसंग अतिशय सुंदर आहे. मग मात्र ती भोळी मुलगी त्या स्त्रीला घेऊन क्षमा मागण्यासाठी तिच्या मालकाकडे परत जाते. मालक व्हर्जिनीच्या रूपावर भाळून क्षमेचा शब्द देतो, आणि मुले समाधानाने निघतात. वाट चुकलेल्या या मुलांना पळून गेलेले इतर गुलाम डोलीत घालून घरी पोहोचवतात. पुढे कळते, की त्या स्त्रीला क्षमा मिळालीच नाही. तिच्या पायात बेडी आणि गळ्यात लोखंडी कडे आहे. भले करणे किती अवघड, असा सुस्कारा व्हर्जिनी टाकते, आणि कथा पुढे सरकते.

लेखकाने बेडी लपवली नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. पण बेडीतील त्या स्त्रीला नाव नाही, तिचे पुढे काय झाले याची विचारपूस नाही. डोली वाहणारे खांदे रानात नाहीसे होतात. एवढेच नव्हे, दोन्ही मातांच्या त्या साध्यासुध्या संसाराचा भार डोमिंग आणि मारी वाहतात, आणि तेही गुलामच आहेत. वाचकाचे सारे अश्रू व्हर्जिनीसाठी राखून ठेवलेले आहेत. ज्यांच्या श्रमावर स्वर्ग उभा आहे त्यांनी पार्श्वभूमीत राहावे, हा या कादंबरीचा अलिखित नियम आहे; आणि आमच्या मते आपल्या प्रवासवर्णनांचा साचा याच नियमावर उभा आहे.

याच बेटावर हा नियम मोडणारा एक माणूस होऊन गेला. फादर जाक-देझिरे लाव्हाल पूर्वाश्रमीचे डॉक्टर. गुलामगिरी १८३५ साली संपली, आणि ते १८४१ साली तेथे पोहोचले. मुक्त झालेल्या माणसांकडे गोऱ्या मळेवाल्यांचे लक्ष नव्हते. फादर लाव्हाल त्यांची क्रिओल बोली शिकले, दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी त्यांना त्याच बोलीत धर्मशिक्षण देत बसले, आणि १८६४ साली त्यांच्यातच देह ठेवला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली त्यांना धन्य घोषित केले. सँत-क्रुआ येथील त्यांच्या कबरीपाशी सर्व धर्मांचे लोक येतात. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर १८३४ पासून उतरलेल्या लाखो गिरमिटिया मजुरांत आपल्या कोकणची माणसेही होती. त्यांचे वंशज तेथे आजही मराठी सण पाळतात. ही कबर आणि हा घाट आम्ही पाहिले खरे, पण यादीतील स्थळे म्हणून.

कारण आमच्या वहीत काय होते ते सांगितले पाहिजे. नाताळच्या दिवशी आम्ही भाड्याची गाडी ठरवून दिवसभर फिरलो. शामारेलची सप्तरंगी माती, धबधबा, दुपारचे जेवण, सारे टिपून ठेवले होते. उत्तरेला कॅप मालरो येथे समुद्राकाठी लाल छपराचे एक देखणे चर्च आहे. तेथे आम्ही छायाचित्रे काढण्यात गुंतलो असता आमच्या चालकाने हळूच विचारले, की आपण दहा मिनिटे आत जाऊन येऊ का? तो कॅथलिक होता. आमच्या सहलीसाठी भल्या पहाटे घर सोडल्यामुळे त्याची नाताळची मिस्सा चुकली होती. तो गव्हाणीसमोर गुडघे टेकून बसला. आम्ही बाहेर घड्याळ पाहत होतो. आम्हांला मध्यरात्रीची मिस्सा मिळाली होती, म्हणून निर्धास्त होतो. त्याला बायको आहे का, मुले किती, घरी त्या दिवशी ताटावर कोण वाट पाहत आहे, यांपैकी एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. घरी येऊन वही उघडली तेव्हा त्यात गाडीचे भाडे होते, माणसाचे नाव नव्हते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला दोष देताना आमची लेखणी तेथे अडली.

कादंबरीचा आरंभ मात्र आठवण्यासारखा आहे. एक प्रवासी दोन पडक्या झोपड्या पाहतो आणि वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याला विचारतो, की येथे कोण राहत होते? सारी कथा त्या एका प्रश्नातून निघते. आपल्या प्रवासवर्णनांत समुद्र असतो, चर्च असते, देवाचे आभारही असतात. हा प्रश्न नसतो. ज्या रात्री बेथलेहेमात एका कुटुंबाला उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्या रात्रीचा सण आपण उत्तम खोलीत उतरून साजरा करतो. तेव्हा खोली कोणी झाडली, गाडी कोणी हाकली, त्याचा नाताळ कसा गेला, एवढे विचारणे हे लेखकाचे आणि ख्रिस्ती माणसाचेही कर्तव्य आहे.

आम्ही लिहावयास घेतलेले ते प्रवासवर्णन अपुरेच ठेवले आहे. त्या चालकाचा पत्ता मिळवण्यासाठी गाडी ठरवून देणाऱ्यांना पत्र धाडले आहे. त्याचे नाव कळले आणि त्याची हरकत नसली, तर लेख त्याच्यापासून सुरू करू.