जागा बदलली तर तुमचा कन्सेप्ट बदलतो का?

आजचा विषय इमारतींचा आहे, पण पीएचडीचा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाने तो शेवटपर्यंत वाचावा अशी माझी विनंती आहे. कारण शेवटी तुमच्याच कामाचं निघणार आहे.

मी एमएस्सी केलं फिजिक्समध्ये आणि आता पीएचडी करते आहे घरांमधल्या उष्णतेवर. त्यामुळे आर्किटेक्चरच्या मंडळींमध्ये माझी ऊठबस असते. मागे एका मैत्रिणीबरोबर तिच्या कॉलेजची ज्युरी बघायला गेले होते. एका मुलाने सोलापुरातल्या सांस्कृतिक केंद्राचं डिझाइन मांडलं. पहिल्या शीटवर कमळ, दुसऱ्या शीटवर पाकळ्या, तिसऱ्या शीटवर पाकळ्यांच्या आकाराची सभागृहं. चित्रं खरंच सुंदर होती. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला : "हेच केंद्र सोलापुरातून उचलून रत्नागिरीत ठेवलं, तर तुझ्या डिझाइनमध्ये काय बदलेल?" मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सर, पावसाच्या पाण्याचे पाइप मोठे घ्यावे लागतील."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसला कोणी हा प्रश्न विचारला असता, तर माझं उत्तर याहून वेगळं नसतं.

कन्सेप्ट म्हणजे चित्र नव्हे

आर्किटेक्चरमध्ये कन्सेप्ट दोन गोष्टींतून यायला हवा : क्लायंटला काय हवंय आणि साइट काय देते. हे वाक्य प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतं, म्हणून ते कोणी मनावर घेत नाही. आपण गरजांची यादी करतो, साइटचा नकाशा काढतो, सूर्य आणि वाऱ्याचे बाण दाखवतो आणि मग ते सगळं बाजूला ठेवून कमळ काढतो.

माझं म्हणणं असं की नुसत्या यादीतून कन्सेप्ट निघतच नाही. तो निघतो भांडणातून. क्लायंटला हवी असलेली गोष्ट आणि साइटची अट, किंवा साइटच्याच दोन अटी एकमेकींच्या आड येतात, तेव्हा ते भांडण मिटवणारी एक कल्पना लागते. तीच कन्सेप्ट. चार्ल्स कोरिया यांच्या तीन इमारती घेऊन हे तपासून बघू. तिन्ही महाराष्ट्रातल्या आहेत, जाऊन बघता येतील.

कांचनजंगा : साइटचं भांडण

मुंबईत कंबाला हिलवरचा कांचनजंगा टॉवर कोरियांनी प्रवीणा मेहता यांच्यासोबत केला. काम १९७० ते १९८३ असं चाललं. २८ मजले, ३२ फ्लॅट, प्लॅन २१ मीटर बाय २१ मीटरचा चौरस.

भांडण काय होतं बघा. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. दृश्यही तिकडेच : पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंदर. म्हणजे घर पूर्व-पश्चिम उघडं हवं. पण दुपारनंतरचं कडक ऊनही पश्चिमेचंच आणि पावसाचा माराही तिकडूनच. संध्याकाळी चारच्या सुमाराला सूर्य इतका खाली आलेला असतो, की खिडकीवरचा साधा छज्जा पुरेसं ऊन अडवत नाही. ऊन त्याच्या खालून आत शिरतं. एकाच दिशेला उघडायचं आहे आणि त्याच दिशेपासून वाचायचंही आहे.

याचं उत्तर जुन्या बंगल्यांनी दिलेलं होतं : खोल्यांभोवती व्हरांडा. ऊन-पाऊस व्हरांड्यात थांबतो, वारा पुढे जातो. कोरियांनी तो व्हरांडा उचलून टॉवरमध्ये नेला आणि इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल, बागेसारख्या गच्च्या कोरल्या. फ्लॅट पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार, म्हणून वारा खेळतो. बाहेरून बघणाऱ्याला दिसतात ते कापलेले कोपरे या भांडणाचा निकाल आहेत. फिजिक्सच्या भाषेत सांगायचं तर ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडवलं आहे. एकदा ते आत आलं की पडदे लावून फार उपयोग होत नाही.

आता ज्युरीचा प्रश्न लावा. ही इमारत दिल्लीत ठेवली तर? तिथे समुद्राचा वारा नाही, उलट उन्हाळ्यात गरम लू बाहेर ठेवायची असते. कापलेल्या कोपऱ्यांचं मुख्य कारणच जातं. म्हणजे कन्सेप्ट खरोखर त्या जागेतून आला आहे.

पण दुसरा प्रश्नही विचारायला हवा, जो कांचनजंगाची स्तुती करणारे बहुतेक लेख टाळतात : क्लायंट बदलला तर? इथले फ्लॅट तीन ते सहा बेडरूमचे आहेत. एका खोलीत पाच माणसं राहतात, त्या घराला दोन मजली उंचीची गच्ची कुठून देणार? म्हणून "मुंबईच्या हवामानाला दिलेलं उत्तर" असं कांचनजंगाचं वर्णन वाचलं की मी तिथे पेन्सिलीने लिहिते : "कोणाच्या मुंबईच्या?" उत्तर उत्तम आहे, पण एका ठरावीक क्लायंटसाठी. सिनॉप्सिसमध्ये आपण मर्यादा म्हणून लिहितो ते हेच.

बेलापूर : क्लायंटचं भांडण

याच कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज केलं. साधारण ५.४ हेक्टर जागा, सुमारे ५५० कुटुंबं. इथे भांडण वेगळं. वेगवेगळ्या उत्पन्नाची माणसं, जमीन थोडी आणि पैसा त्याहून थोडा. शिवाय आज परवडणारं घर दहा वर्षांनी पुरणार नाही. मुलं मोठी होतील, सून येईल, एखादी खोली भाड्याने द्यावीशी वाटेल. म्हणजे कागदावरचा क्लायंट आणि दहा वर्षांनंतरचा क्लायंट एक नाहीत.

कन्सेप्ट असा : घरं कमी उंचीची, प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब-श्रीमंतांत जमिनीचा फरक कमी. सात घरांच्या मध्ये साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण. असे तीन गट मिळून २१ घरं आणि त्यांना १२ मीटर बाय १२ मीटरचं मोठं अंगण. कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, त्यामुळे वाढवायचं तर कोणाची परवानगी मागायला नको आणि भांडायलाही नको.

आज तिथे गेलात तर मूळची कौलारू घरं पाडून बांधलेले कितीतरी सिमेंटचे बंगले दिसतील. काही लोक याला कोरियांचं अपयश म्हणतात. मला हे पटत नाही. घरं बदलली, पण अंगणांची रचना अजून वाचता येते. मूळ कन्सेप्ट कौलांत नव्हता, तो घरांमधल्या मोकळ्या जागेत आणि स्वतंत्र भिंतींत होता. लोकांनी घरं बदलली, म्हणजे वाढीसाठी ठेवलेली जागा त्यांनी वापरलीच. मात्र एक तक्रार राहतेच : घर किती वर वाढेल याचा अंदाज कमी पडला. लहान अंगणाभोवती घरं उंच झाली की अंगणातला उजेड आणि वारा दोन्ही घटतात. वाढ आडवी होईल असं धरलं, ती उभी झाली.

आयुका : भांडणच नसलेला भाग

तिसरी इमारत पुण्यातली, विद्यापीठाच्या आवारातली आयुका. संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली, संस्थापक संचालक जयंत नारळीकर. क्लायंट खगोलशास्त्रज्ञ, म्हणून कन्सेप्ट ब्रह्मांड. काळ्या बेसॉल्टची भिंत, तिच्यावर आणखी काळा कडाप्पा, त्यावर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाशाचं प्रतिबिंब पडतं. मधल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे.

मला ही जागा मनापासून आवडते. पण आवडणं वेगळं आणि तपासणं वेगळं. काळ्यावर काळं म्हणजे अवकाशाची खोली, हा कन्सेप्ट जगात कुठेही चालला असता. बेसॉल्ट इथला आहे, एवढाच त्याचा पुण्याशी धागा. आणि काळा दगड एप्रिलच्या उन्हात किती तापतो हे सांगायला पीएचडी लागत नाही, हात लावून बघा. हा भाग विषयाचं चित्र काढतो, कुठलीही अडचण सोडवत नाही. माझ्या मते हे कमळच आहे, फक्त फार मोठ्या कलावंताच्या हातचं.

त्याच इमारतीतलं कुंड मात्र काम करतं. आयुका आंतरविद्यापीठीय केंद्र आहे. देशभरच्या विद्यापीठांतले लोक थोड्या दिवसांसाठी येतात. प्रत्येकाला बसून गणित करायला शांत खोली हवी आणि अनोळखी माणसाशी गाठ पडायलाही हवी. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. खोल्या शांत ठेवून मध्ये सगळ्यांचं उघडं अंगण दिलं, की येता-जाता भेट होते. पुण्याची हवा वर्षातले बरेच महिने उघड्यावर बसू देते, म्हणून ते जमतं. इथे क्लायंट आणि साइट दोन्ही कन्सेप्टमध्ये आहेत. पण वर्णनं वाचाल तर ब्रह्मांडावर पानंच्या पानं आणि या भेटींवर दोन ओळी. म्हणून सांगते, निर्मात्याने नंतर सांगितलेलं स्पष्टीकरण पुरावा म्हणून घेऊ नका. प्लॅन बघा, सेक्शन बघा, तिथे दुपारी बसून बघा.

आणि माझा सिनॉप्सिस

माझं कमळ असं होतं : दिवसा वितळून उष्णता साठवणारा आणि रात्री गोठून ती सोडणारा पदार्थ छताखाली बसवायचा. मॉडेल चाललं, ग्राफ देखणे आले. वर्ष गेलं. मग गाइड मॅडम म्हणाल्या, "हे छत कोणाचं आहे गं?" माझ्याकडे एका शहराची हवामानाची फाइल होती, माणूस एकही नव्हता.

मग पत्र्याच्या घरांमध्ये जायला लागले. पदार्थ रात्री गोठायचा तर रात्रीचा गार वारा घरात यायला हवा. पण रात्री खिडक्या बंद. डास येतात आणि चोरीची भीती असते. एका काकू म्हणाल्या, "खिडकी उघडी ठेवून झोप लागते का कोणाला?" माझ्या मॉडेलमध्ये खिडकी रात्रभर उघडी होती. ते वर्ष परत मिळालं नाही, पण प्रश्न मिळाला : खिडकी बंद ठेवून उष्णता बाहेर कशी काढायची?

तुमचं वर्ष वाचावं म्हणून सांगते. सिनॉप्सिस देण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. पहिली, "अमुक हवं आहे, पण तमुक आड येतं" असं एक वाक्य. ते लिहिता आलं नाही तर विषय अजून सापडलेला नाही. दुसरी, माझी जागा किंवा डेटा बदलला तर माझ्या प्रश्नात काय बदलेल? उत्तर "पाइप मोठे" असं आलं तर थांबा. तिसरी, माझ्या उत्तराचा उपयोग होणारा माणूस बदलला तर ते टिकेल का? टिकलं नाही तरी चालेल, पण कुठे टिकत नाही ते तुम्हीच आधी लिहा, व्हायवामध्ये दुसऱ्याने विचारण्याआधी.

माझा दुसरा सिनॉप्सिस मंजूर झाला आहे. तो बरोबर ठरेल की नाही ते येत्या दोन उन्हाळ्यांत कळेल. पहिला चुकणं शक्यच नव्हतं, कारण तो कुठल्याच घराबद्दल नव्हता.