गीतातील ‘मी’ आणि गायकाचे वय

उतारवयातही रंगमंच न सोडणाऱ्या कलावंताविषयी मराठी समीक्षेत दोन तऱ्हेचे अभिप्राय वारंवार आढळतात. ‘त्याने वेळीच थांबावयास हवे होते’ हा एक. आणि ‘त्या वयातही केवढी ही तपश्चर्या’ हा दुसरा. पहिल्यात कठोरपणा आहे, दुसऱ्यात भाबडेपणा. परंतु दोहोंचे गृहीतक एकच आहे. कलावंताचे वार्धक्य म्हणजे त्याच्या गळ्याचे, बोटांचे वा पायांचे वार्धक्य, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. वस्तुतः रंगमंचावरील वार्धक्याचा प्रश्न शरीराइतकाच उच्चाराचाही आहे. जे वाक्य गायले जात आहे ते कोणाचे, हे ऐकणाऱ्यास कसे कळते, या प्रश्नाकडे या चर्चेत सहसा कोणी वळत नाही.

बालगंधर्वांच्या उत्तरायुष्याविषयी जे लिहिले गेले आहे ते या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगे आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. ‘मानापमाना’तील भामिनी त्यांनी १९११ मध्ये, ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी १९१६ मध्ये आणि ‘एकच प्याला’तील सिंधू १९१९ मध्ये उभी केली, म्हणजे या तिन्ही भूमिका वयाच्या तेविसाव्या ते एकतिसाव्या वर्षांच्या दरम्यानच्या. १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ झाले, परंतु पडद्यावर न रमता रंगभूमीवर परतले. आणि पन्नाशी उलटल्यावरही त्याच उपवर नायिका, तीच पदे, तोच शालू असा क्रम चालू राहिला. पुढे पाय अधू झाले. या काळाविषयी लिहिणारे बहुधा एक तडजोड सुचवितात : डोळे मिटावेत आणि ऐकावे. सूचना सहृदय आहे. पण तीत निदान चुकले आहे. डोळे मिटले तरी कान मिटत नाहीत, आणि रुक्मिणीचे पद कानावरच पडते.

‘मी’ या शब्दाचा अर्थ कोशात सापडत नाही. तो बोलणाऱ्यावरून ठरतो; वक्ता बदलला की अर्थ बदलतो. अशा शब्दांना येस्पर्सनने १९२२ मध्ये ‘शिफ्टर’ ही संज्ञा दिली आणि याकोब्सनने १९५७ मधील आपल्या निबंधात तिचा विस्तार केला. मराठीतील ‘मी’ला आणखी एक वैशिष्ट्य आहे. सर्वनामात लिंग नाही, पण क्रियापदात ते उमटते : ‘मी जातो’, ‘मी जाते’. सकर्मक भूतकाळात मात्र ते पुन्हा लपते. ‘मी पत्र लिहिले’ या वाक्यावरून लिहिणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषनटास व्याकरणाचे हे साहाय्य मोठे होते. ‘जाते’, ‘येते’ अशा प्रत्येक क्रियापदागणिक त्याच्या ‘मी’चे स्त्रीत्व नव्याने सिद्ध होत असे. वयासाठी मात्र मराठी क्रियापदात प्रत्यय नाही. सोळा वर्षांच्या रुक्मिणीचा ‘मी’ आणि साठीच्या गायकाचा ‘मी’ यांत व्याकरण भेद करीत नाही. तो भेद सर्वस्वी श्रोत्यावर सोपविलेला असतो. तरुण नारायणरावांच्या बाबतीत श्रोत्याला लिंगाचे अंतर तेवढे पार करावे लागे, आणि तेथे भाषा त्याच्या मदतीस होती. वृद्ध नारायणरावांच्या बाबतीत वयाचे अंतरही पार करावयाचे होते, आणि तेथे भाषा गप्प होती. त्यातच जुन्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजत होत्या. पूर्वीच्या वृद्ध गायकाची तुलना श्रोत्याच्या स्मृतीशी होई, आणि स्मृती क्षमाशील असते. ध्वनिमुद्रिका तशी नसते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्बळ नाही. ख्यालाच्या चिजांतही विरहिणी नायिकेचा ‘मी’ असतो. मल्लिकार्जुन मन्सूर किंवा भीमसेन जोशी यांच्यासारख्या वयोवृद्ध गायकांनी तो गायिला, आणि कोणास काही खटकले नाही. उलट तेथे वय वाढले की गाणे ‘पिकले’ असे म्हणतात. मग हा सिद्धान्त तेथे का लागू पडू नये? कारण असे की ख्यालात शब्द थोडे आणि आवर्तने पुष्कळ. एकाच शब्दावर स्वरांची इतकी पुटे चढतात की ‘मी’ कोण ही पृच्छाच मावळते. नाट्यपदाचे तसे नाही. पदाच्या अगोदरचा गद्य संवाद त्यातील ‘मी’ला नाव, गाव, नाते आणि वय देऊन ठेवतो, वेशभूषा त्यावर शिक्कामोर्तब करते. बालगंधर्वांनी पदांत रागविस्तार करून नाट्यपद ख्यालाच्या जवळ नेले, याबद्दल त्यांना दोष देणारे पुष्कळ आहेत. पण उत्तरवयात हाच विस्तार त्यांना तारीत होता, हे त्या टीकाकारांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. पद जितके लांबे, तितका रुक्मिणीचा ‘मी’ सैल होई.

ही अडचण मराठी रंगभूमीपुरती नाही. एप्रिल २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ हा इंग्लिश वाद्यवृंद मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आला, तेव्हा त्याचा गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स दोघेही एकोणसाठ वर्षांचे होते. त्यांचे ‘सॅटिस्फॅक्शन’ हे गीत १९६५ चे, म्हणजे दोघांच्या एकविसाव्या वर्षीचे. त्यातील ‘मी’ जगावर रुसलेला तरुण आहे. रॉक संगीतात नट आणि पात्र असा भेद मानीत नाहीत, गायक स्वतःच बोलतो असे समजतात. म्हणून तेथे वयाचा प्रश्न नाटकाहूनही अवघड होतो. पण त्याच गीताच्या आरंभी रिचर्ड्सची जी सुरावट गिटारवर वाजते तिला वय नाही, कारण तिला पुरुषच नाही : प्रथम, द्वितीय वा तृतीय. या संगीतात गायकापेक्षा गिटारवादकाचे वार्धक्य अधिक शोभून दिसते याचे कारण येथे शोधावे. बोटे थकतात हे खरेच. एरिक क्लॅप्टन यांनी मज्जातंतूंच्या विकारामुळे वादन कठीण झाल्याचे २०१६ मध्ये सांगितले. पण बोटे मंदावली तरी सुराचा अर्थ खोटा पडत नाही. १९२५ मध्ये जन्मलेले बी. बी. किंग अखेरच्या वर्षांत खुर्चीवर बसून वाजवीत. गाताना ते गिटार वाजवीत नसत; ओळ संपली की गिटार उत्तर देई, जशी ख्यालगायकाला सारंगी देते. आपल्याकडे ‘इंडस क्रीड’ या मुंबईच्या वाद्यवृंदाने (१९८४ मध्ये तो ‘रॉक मशीन’ या नावाने सुरू झाला होता) १९९७ मध्ये थांबून २०१० मध्ये पुन्हा उभे राहताना आणखी निराळी वाट धरली. महेश तिनईकर यांची गिटार तीच, पण २०१२ चा ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह नव्या गीतांचा. जुना ‘मी’ जुन्याच गीतांत राहू दिला, हे शहाणपणाचे झाले.

बालगंधर्वांना अशी वाट भजनाने दिली. अभंगातील ‘मी’ वयाने बांधलेला नसतो. शिवाय शेवटच्या चरणात संताची नाममुद्रा येते, तिच्यासोबतचे ‘म्हणे’ हे क्रियापद तृतीय पुरुषी असते, आणि त्या एका शब्दाने आधीचे सारे प्रथमपुरुषी उद्गार संताच्या नावे जमा होतात. गाणारा केवळ वाहक उरतो. तो विशीचा असो की सत्तरीचा. १९३१ च्या ‘कान्होपात्रा’ नाटकात हे अभंग पात्राच्या तोंडी होते. पाय अधू झाल्यावर बसून म्हटलेल्या भजनांत पात्र गळून पडले आणि अभंग राहिला. याला ऱ्हास म्हणणे अन्यायाचे आहे. अखेरीस उच्चार आणि उच्चारणारा यांचा मेळ बसला, एवढेच घडले. नाशिककरांना याचे एक आधीचे उदाहरण ठाऊक आहे. मुंबईतील गांधर्व महाविद्यालयाची वास्तू कर्जापायी गेल्यावर विष्णु दिगंबर पलुस्कर नाशिकला येऊन राहिले आणि १९३१ मधील मृत्यूपर्यंतच्या वर्षांत रामनाम व रामायण हाच त्यांच्या गायनाचा मुख्य विषय झाला. चरित्रकार याला वैराग्य म्हणतात. ते असेलही, पण वैराग्यालाही योग्य सर्वनाम लागते.

दुसरी वाट नाशिकच्याच एका लेखकाने दाखविली. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर रंगभूमीवरून निवृत्त झालेले आहेत, तरी जुन्या भूमिकांची भाषणे त्यांच्या तोंडून सुटत राहतात. येथे वय आणि भूमिका यांतील अंतर झाकलेले नाही. तेच नाटकाचे द्रव्य आहे. प्रत्येक जुन्या ‘मी’च्या मागे आठवणाऱ्या म्हाताऱ्याचा दुसरा ‘मी’ उभा असतो आणि प्रेक्षक दोन्ही एकाच वेळी ऐकतो. १९७० च्या डिसेंबरात ही भूमिका प्रथम करणारे डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या वयाविषयी कोणी शंका घेतली नाही. तरुणाने म्हातारा होणे प्रेक्षकास सहज पटते, कारण त्याच्यापाशी ताडून पाहावयास जुनी स्मृती नसते. म्हाताऱ्याने तरुण होणे पटत नाही, कारण ती असते. पण ज्या चौकटीत म्हाताऱ्या नटाला आपली तरुण भाषणे उघडपणे म्हणता येतात, ती चौकट शिरवाडकरांनी बांधली. हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा नारायणराव राजहंस यांच्या निधनास तीन वर्षे झाली होती.