‘स्मगल’ या इंग्रजी क्रियापदाची अर्थव्याप्ती आणि मराठीतील ‘तस्करी’ : एक चिकित्सा

प्रस्तावना

‘स्मगलर’ हे इंग्रजी नाम मराठी बोलीत पूर्णपणे रुळले आहे. ज्या क्रियापदापासून ते सिद्ध होते त्या ‘स्मगल’साठी लेखी मराठीत मात्र ‘तस्करी करणे’ हा एकच पर्याय जवळजवळ यांत्रिकपणे योजला जातो. हा पर्याय मूळ क्रियापदाच्या अर्थाला कितपत न्याय देतो आणि तो सरसकट वापरल्याने कोणते वैचारिक गोंधळ निर्माण होतात, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

व्युत्पत्ती व मूळ आशय

‘स्मगल’ हा शब्द सतराव्या शतकात लो जर्मन अथवा डच भाषेतून इंग्रजीत आला. जकात चुकवून किंवा बंदी मोडून माल गुप्तपणे देशात आणणे अथवा देशाबाहेर नेणे, हा त्याचा मूळ आशय होय. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. स्मगलर माल चोरत नाही. तो बहुधा पैसे मोजून माल विकत घेतो आणि सरकारची जकात बुडवतो. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये चहाचा चोरटा व्यापार बोकाळला होता. १७८४ च्या कायद्याने चहावरील सुमारे ११९ टक्के कर साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा तो व्यापार ओसरला. माल तोच आणि ग्राहकही तेच राहिले. बदलला तो केवळ कर. याचा अर्थ असा की, ‘स्मगल’ या क्रियेतील दोष वस्तूत नसून सीमा, कर आणि बंदी यांच्याशी असलेल्या तिच्या नात्यात असतो.

याउलट संस्कृत ‘तस्कर’ म्हणजे चोर. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू हरण करणारा, हा त्याचा गाभा. त्यामुळे ‘तस्करी’ या शब्दात निषेध आधीच भरलेला असतो. सोन्याच्या किंवा अमली पदार्थांच्या संदर्भात तो खटकत नाही. संदर्भ बदलला की मात्र अडचण उभी राहते.

प्रयोगविस्तार

इंग्रजीत हे क्रियापद नैतिकदृष्ट्या बरेचसे तटस्थ राहिले आहे. दुसऱ्या महायुद्धात इरेना सेंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉर्सा येथील ज्यू वस्तीतून बालकांना गुप्तपणे बाहेर काढले. या कृतीसाठी इंग्रजीत ‘स्मगल’ हेच क्रियापद गौरवाने वापरले जाते. मराठीत ‘सेंडलर यांनी मुलांची तस्करी केली’ असे लिहिल्यास उपकारकर्तीच गुन्हेगार ठरेल. १६६६ मधील शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेबाबतही हेच दिसते. पेटाऱ्यांचा तो प्रसंग सांगताना इंग्रजीत हे क्रियापद कर्मणी रूपात सहज येऊ शकते. मराठी मात्र महाराज ‘निसटले’ असे म्हणते आणि कर्तृत्व त्यांच्याकडेच ठेवते. हा फरक केवळ शब्दाचा नसून दृष्टीचाही आहे.

हे क्रियापद लाक्षणिक अर्थानेही वापरले जाते. युक्तिवादात सिद्ध न केलेले गृहीतक नकळत घुसडणे, रुग्णालयात पथ्याबाहेरचा खाऊ लपवून नेणे, अशा प्रसंगी इंग्रजी लेखक ते बिनदिक्कत योजतो. ‘तस्करी’ येथेही निरुपयोगी ठरते.

मराठीची अंगभूत क्षमता

वस्तुतः या छटेसाठी मराठीला उसनवारीची गरज नाही. मराठीत ‘चोर’ या शब्दाला ‘हरण करणारा’ या अर्थाबरोबरच ‘गुप्त’ असाही अर्थ लाभला आहे. चोरदरवाजा, चोरकप्पा, चोरवाट, चोरपावले या समासांत चोरी कोठेच नाही. आहे ती केवळ लपवणूक. ‘चोरून ऐकणे’ यातही हीच छटा आहे. म्हणून ‘चोरून आणणे’, ‘चोरून नेणे’, ‘चोरवाटेने बाहेर काढणे’ ही रूपे ‘स्मगल’च्या आशयाला अधिक जवळची आहेत. इंग्रजीला दिशा दाखविण्यासाठी अव्ययाची जोड द्यावी लागते. मराठीत ‘आणणे’ व ‘नेणे’ ही क्रियापदे दिशाही सांगतात.

कायद्याची परिभाषा

सर्वाधिक गंभीर प्रश्न ‘मानवी तस्करी’ या शब्दप्रयोगाने निर्माण केला आहे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मधील ‘स्मगलिंग’ची व्याख्या मालापुरती आहे. ज्या कृतीने वा अकृतीने माल जप्तीस पात्र होतो ती कृती वा अकृती, असे तिचे स्वरूप आहे. माणसांच्या संदर्भात संयुक्त राष्ट्रांनी २००० साली दोन स्वतंत्र प्रोटोकॉल केले. एक स्थलांतरितांच्या ‘स्मगलिंग’विरुद्ध, तर दुसरा व्यक्तींच्या ‘ट्रॅफिकिंग’विरुद्ध. पहिल्यात सीमा बेकायदा ओलांडवून देऊन लाभ मिळविणे हा गुन्हा आहे. तो प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध असतो आणि स्थलांतरिताची त्यास बहुधा संमती असते. दुसऱ्यात शोषण हा गाभा आहे. तेथे सीमा ओलांडण्याची गरज नाही आणि भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १४३ नुसार पीडिताची संमतीही गैरलागू ठरते.

मराठीत या दोहोंना ‘मानवी तस्करी’ म्हटले जाते. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडातून अमेरिकेत शिरताना गुजरातमधील एका कुटुंबातील चौघे मॅनिटोबा प्रांतात सीमेजवळ गोठून मृत्युमुखी पडले. याप्रकरणी नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दोघे दोषी ठरले, ते ‘स्मगलिंग’साठी. कर्जापोटी वेठीस धरलेल्या मजुराचे प्रकरण याहून सर्वस्वी वेगळे आहे. शब्द एकच राहिल्यास वाचकाला एकतर प्रत्येक स्थलांतरित फसवला गेलेला वाटतो, नाहीतर प्रत्येक पीडित स्वखुशीने गेलेला वाटतो.

प्रशासनाच्या ‘अनैतिक मानवी वाहतूक’ या संज्ञेने गोंधळ आणखी वाढतो. ‘ट्रॅफिक’चा जुना अर्थ व्यापार असा आहे. येथे त्याचा रस्त्यावरचा अर्थ घेतला गेला. परिणामी माणसाचा बाजार मांडणे हा गुन्हा केवळ त्याला एका जागेहून दुसरीकडे नेण्याइतका सौम्य भासतो आणि पीडितेला गावाबाहेरही न नेता केलेले शोषण या शब्दाच्या कक्षेतच येत नाही.

समारोप

‘तस्करी’ ही संज्ञा त्याज्य नाही. तिची कक्षा निश्चित होणे आवश्यक आहे. निषिद्ध वा करबुडव्या मालासाठी ‘तस्करी’, स्थलांतरितांसाठी ‘चोरटे स्थलांतर घडविणे’, शोषणासाठी ‘मानवी अपव्यापार’ आणि सर्वसामान्य वा लाक्षणिक प्रयोगांसाठी ‘चोरून आणणे-नेणे’, असा विवेक अनुवादकांनी व अध्यापकांनी पाळल्यास संज्ञा स्वच्छ होतील. विधी, समाजशास्त्र व भाषा या तिन्ही विषयांच्या वर्गांत हा भेद शिकविला जाणे अगत्याचे आहे. एखाद्याला आरोपी म्हणावे, प्रवासी म्हणावे की पीडित, याचा निर्णय पुष्कळदा अनुवादकाने निवडलेल्या शब्दातच दडलेला असतो.