‘ते झोपलं’

फ्रान्झ काफ्काने ‘मेटामॉर्फोसिस’ 1912 च्या अखेरीस लिहिली; छापून आली 1915 मध्ये. फिरता विक्रेता ग्रेगोर साम्सा सकाळी उठतो तो किडा होऊन. या लघुकादंबरीची चर्चा बहुतेक त्या किड्याभोवतीच फिरते. घरात वडिलांचं लांबलेलं आजारपण काढल्यावर मी ती उज्जैनला पुन्हा वाचली, तेव्हा डोळे ग्रेटेवर खिळले. ग्रेगोरची सतरा वर्षांची बहीण.

पहिल्या दिवशी ती भावाच्या आवडीचं दूध ठेवते. त्याला ते रुचत नाही. मग ती भांडं उचलते, पण उघड्या हाताने नाही, फडक्याने. आणि लगेच जुन्या वर्तमानपत्रावर शिळी भाजी, हाडं, चीज, पाव असं कायकाय मांडून ठेवते. तो संकोचू नये म्हणून बाहेर जाऊन कुलूपही लावते. माया आणि किळस एकाच हातात. पुढे हाच हात मागे राहतो, खाणं ती पायाने आत सरकवते. तरीही आईने खोली धुतल्यावर ग्रेटे रडून गोंधळ घालते: हे काम माझं! सेवा करणाऱ्याचा हा हट्ट काफ्काला कुठून कळला असेल?

उज्जैनमध्ये शिकलेले, घरात मराठी बोलणारे आणि हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध ‘तीसरा क्षण’मध्ये सांगतात की अनुभव आपल्या दुखऱ्या मुळापासून सुटतो आणि फँटसी होऊन डोळ्यांपुढे उभा राहतो. किडा म्हणजे तेच. बापाच्या नावाने जो वैताग ओठावर येत नाही, तो किड्यावर बिनदिक्कत काढता येतो.

आणि शेवटी ग्रेटे बोलते. या प्राण्यापुढे भावाचं नाव घेणार नाही म्हणते, आणि ‘तो’ सोडून जर्मनमधलं नपुंसकलिंगी सर्वनाम वापरते: ‘ते’ घालवायला हवं. वडील अजून ‘तो’ म्हणत असतात. त्याला आपलं बोलणं कळत असतं तर, असं चाचरत. सगळी शोकांतिका त्या एका सर्वनामात आहे. आमच्या ओट्यावरच्या हिंदीला हे जमणार नाही, तिच्यात नपुंसकलिंगच नाही. मराठीला जमतं, आणि फार जवळून जमतं: आदराचं ‘ते’ आणि वस्तूचं ‘ते’ एकच. फरक फक्त क्रियापदाच्या शेपटीत.

बाबांच्या आजारपणातलीच एक संध्याकाळ. गोपाल मंदिराची सांजआरती ऐकू येत होती. बाबांची कूस बदलून, चादर ओढून मी बाहेर आलो. आईने विचारलं, जेवले का? मी म्हणालो, “हो, ते झोपलं.” लेकराबद्दल बोलावं तसं म्हणालो होतो, असं मला वाटतं. आई ताट पुसता पुसता थांबली, माझ्याकडे बघत राहिली.