चाळणी कोणत्या दारात? : बार्बियानाच्या पत्राचा उपेक्षित उत्तरार्ध

इटलीतील फ्लॉरेन्स शहरापासून काही अंतरावर मुजेल्लो नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील बार्बियाना या विखुरलेल्या शेतकरी वस्तीत डिसेंबर १९५४ मध्ये एका तरुण धर्मगुरूंची नेमणूक झाली. त्यांचे नाव डॉन लोरेन्झो मिलानी. इटलीत धर्मगुरूंना आदराने 'डॉन' म्हणतात. फ्लॉरेन्समधील सुखवस्तू, सुशिक्षित घरात १९२३ साली जन्मलेल्या या धर्मगुरूंनी आधीच्या धर्मग्रामात कामगारांसाठी रात्रशाळा चालवली होती. बार्बियानाला झालेली त्यांची पाठवणी ही एका परीने हद्दपारीच होती, असे त्यांचे चरित्रकार मानतात. त्या आडरानात त्यांनी चर्चच्या घरातच शाळा उघडली. सरकारी शाळांनी नापास करून घरी पाठवलेली डोंगरातील मुले तेथे बाराबारा तास शिकत. रविवारची सुट्टी नाही, उन्हाळ्याचीही नाही.

या शाळेतील आठ मुलांनी मिळून लिहिलेले 'एका शिक्षिकेस पत्र' हे पुस्तक मे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर महिन्याभरात, २६ जून रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मिलानींचे निधन झाले. पुस्तक मात्र जगभर गेले. मराठी वाचकांनाही ते 'प्रिय बाई' या नावाने उपलब्ध झाले आहे. गरिबाच्या मुलाला नापास करणाऱ्या शाळेवरील आरोपपत्र, अशी या पुस्तकाची ख्याती आहे. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. या पुस्तकाचा दुसरा भाग शिक्षक घडवणाऱ्या शाळेविषयी आहे. परिसंवादांतून आणि परीक्षणांतून त्याचा उल्लेख क्वचितच होतो. माझ्या मते या पुस्तकाचे खरे मर्म त्या दुसऱ्या भागातच आहे.

पुस्तकाचा जन्मच मुळी तेथे झाला. त्या काळी इटलीत प्राथमिक शिक्षक होण्यासाठी चार वर्षांचे अध्यापक विद्यालय होते. माध्यमिक शाळेची तीन वर्षे संपवून मुलगा वा मुलगी तेथे जाई आणि साधारण अठराव्या वर्षी प्राथमिक शाळेत शिकवण्याची सनद घेऊन बाहेर पडे. पत्रातील 'मी' हा याच अध्यापक विद्यालयात पहिल्या वर्षी नापास झालेला मुलगा आहे. पत्र ज्या बाईंना लिहिले आहे, त्या त्याला नापास करणाऱ्या बाई आहेत. म्हणजे हे पुस्तक केवळ एका विद्यार्थ्याची तक्रार नाही. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याला ज्यांनी दारातून परत पाठवले, त्यांना त्याने विचारलेला तो जाब आहे.

त्यातील विरोधाभास लेखकांनी फार कौशल्याने मांडला आहे. बार्बियानात शिक्षकांची उणीव असल्याने मोठी मुले लहान मुलांना शिकवीत. नापास झालेला हा मुलगा त्याआधीच आठवड्यातून तीन अर्धे दिवस भूगोल, गणित आणि फ्रेंच शिकवीत होता. ज्याने प्रत्यक्ष शिकवले, तो शिक्षक होण्यास अपात्र ठरला. आणि ज्यांनी एकाही मुलाला अक्षर शिकवले नव्हते, ते पात्र ठरले. मग अशा परीक्षा मोजत तरी काय होत्या?

या प्रश्नाचे उत्तर पत्र आधीच्या, माध्यमिक शाळेच्या परीक्षेच्या तपशिलाने देते. व्यायामाच्या परीक्षेत परीक्षकांनी चेंडू पुढे टाकला आणि बास्केटबॉल खेळायला सांगितले. डोंगरातल्या मुलांनी तो खेळ कधी पाहिला नव्हता. परीक्षकांची नजर तुच्छतेने भरली. हीच मुले ओकच्या झाडावर चढून, दोन्ही हात मोकळे सोडून, कुऱ्हाडीने भली मोठी फांदी तोडून घरापर्यंत ओढून आणीत. त्यास मात्र गुण नव्हते. फ्रेंचच्या परीक्षेत नित्याच्या बोलण्यात सहसा न येणारे, व्याकरणाच्या अपवादांपुरते उरलेले शब्द विचारले गेले. परदेशात जाऊन काम करता करता भाषा शिकलेला मुलगा तेथे अडला. आणि उत्तम गुण मिळवणाऱ्याला फ्रान्समध्ये शौचालय कोठे आहे एवढेही विचारता आले नसते. निबंधासाठी रेल्वेच्या डब्यांना वाचा फुटल्याची कल्पना करायची होती. वर्तमानपत्र, देशाची राज्यघटना, कामगारांचे करार हे विषय शाळेच्या उंबऱ्याबाहेरच राहिले होते.

अध्यापनशास्त्र या विषयावर तर मुलांनी सर्वांत कठोर प्रहार केला आहे. जाडजूड ग्रंथांतून विचारवंतांच्या प्रणाली पाठ करायच्या, पण वर्गातील एका मुलाविषयी एक शब्द नाही. या साऱ्या शास्त्राकडून शिकण्यासारखी एकच गोष्ट निघेल, असे त्यांना वाटते: मुले एकमेकांपासून भिन्न असतात आणि एकच मूलसुद्धा काळानुसार बदलत असते. हे विधान उद्धट वाटेल. परंतु ज्याने एकाच वर्गात सहा वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलांना एकत्र शिकवले आहे, तो त्याला सहजासहजी नाकारणार नाही.

आता येथे वाचकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. पहिल्या भागात मुलांची मागणी अशी की, सक्तीच्या शाळेत कोणालाही नापास करू नये. दुसऱ्या भागात तीच मुले म्हणतात की, अध्यापक विद्यालयात खुशाल नापास करा. वरवर पाहता हा विसंवाद आहे. वस्तुतः तो एकाच तत्त्वाचा दोन ठिकाणी केलेला उपयोग आहे. मूल शाळेत येते ते आपला हक्क घ्यायला. तेथे चाळणी लावणे म्हणजे ज्याला औषधाची सर्वाधिक गरज त्याच रुग्णाला रुग्णालयातून काढून टाकणे. परवाना मागायला येणाऱ्याची गोष्ट वेगळी. वाहन चालवण्याचा परवाना, औषधविक्रेत्याचा परवाना, वैद्याची सनद ही कसोशीनेच दिली पाहिजे, कारण चूक झाली तर ती इतरांच्या जिवावर बेतते. शिक्षकाची सनद याच वर्गात मोडते. फरक एवढाच की, शिक्षकाच्या चुकीने झालेली इजा दिसत नाही आणि तिचा पंचनामा होत नाही.

चाळणी असावी, पण ती शिक्षकाच्या दारात. आणि तिने योग्य तेच चाळावे, हे या पत्राचे सूत्र आहे. या कसोटीवर आपल्याकडची स्थिती पाहिली तर अस्वस्थ व्हायला होते. शिक्षण हक्क कायदा २००९ ने आठवीपर्यंत मुलाला मागे न ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत ते तत्त्व सैल करण्याची मुभा राज्यांना दिली, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती वापरली. म्हणजे चाळणी पुन्हा मुलाच्या दारात आली. शिक्षकासाठी २०१० च्या अधिसूचनेनुसार पात्रता परीक्षा आली, महाराष्ट्रात ती २०१३ पासून सुरू झाली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी उरलेल्या शिक्षकांनाही ती उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरवले; अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. आपल्या समाजातील अनेक घरांत या निकालाची चिंता शिरली आहे, हे मी जाणतो.

शिक्षकाला कसोटी लावणे योग्यच. परंतु कसोटी कशाची? प्राथमिक वर्गांसाठीच्या या परीक्षेत १५० प्रश्न असतात आणि प्रत्येकाच्या चार पर्यायांपैकी एक निवडायचा असतो. मुलांना लिहायला शिकवण्याचा परवाना मागणाऱ्याला या परीक्षेत स्वतःचे एक वाक्यही लिहावे लागत नाही, एकाही मुलासमोर उभे राहावे लागत नाही. बार्बियानाच्या मुलांना हे कळले असते तर त्यांनी पत्राला आणखी एक प्रकरण जोडले असते. २०२१ च्या अखेरीस या परीक्षेतील गुणांचा गैरव्यवहार उघडकीस आला, तेव्हा चाळणीला भोकेही पाडता येतात हे दिसले. पण माझा मुद्दा त्याहून मूलभूत आहे. अगदी प्रामाणिकपणे घेतलेली परीक्षासुद्धा नको तेच मोजू शकते.

हा विचार मराठी वाचकाला परका नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकाविषयी हेच सांगितले होते. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पुरेसे वेतन मिळावे, तो शक्यतो शेतकरीवर्गातून आलेला असावा, लोकांत मिसळणारा असावा आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्यास लाजणारा नसावा, अशी त्यांची अपेक्षा होती. फुल्यांची वाकस आणि बार्बियानाची कुऱ्हाड यांच्यात पंच्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. दोन्हींचा अर्थ एकच. ज्यांना शिकवायचे त्यांचे जगणे शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे, आणि सनद देणाऱ्याने त्या ठाऊक असण्याला गुण दिले पाहिजेत.

इतके मान्य करूनही या पुस्तकाच्या मर्यादा सांगणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. पहिली मर्यादा न्यायाची. ज्या बाईंना हे पत्र लिहिले, त्यांची बाजू पुस्तकात कोठेच येत नाही. त्याही अशाच एखाद्या विद्यालयातून घडल्या होत्या, अभ्यासक्रम त्यांनी ठरवला नव्हता. व्यवस्थेवरचा राग एका स्त्रीच्या नावे जमा होतो. मुलींविषयीही पुस्तक तोकडे आहे. डोंगरातील आईबाप मुलींना शिकवण्याची गरज मानीत नाहीत, हे मुलांनी नोंदवले आहे. परंतु ती नोंद पुढे विचारात रूपांतरित होत नाही.

दुसरी मर्यादा मला अधिक महत्त्वाची वाटते. पूर्णवेळ शाळा चालवायची तर शिक्षकाच्या संसाराचे काय, या प्रश्नावर पत्र ब्रह्मचर्याचाही पर्याय सुचवते. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या मनुष्याने यावर बोलण्यास हरकत नसावी. व्रताने माणसाचा वेळ मोकळा होतो, हे खरे. मोकळा झालेला वेळ तो गरिबाच्या मुलाला देईलच, याची हमी कोणतेही व्रत देत नाही. उलट सकाळी घरचा स्वयंपाक करून, दोन मुलांना तयार करून शाळेत येणाऱ्या आणि मागे पडलेल्या मुलाला शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून वाचायला शिकवणाऱ्या शिक्षिका आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. मिलानी असामान्य होते. परंतु असामान्य माणसाच्या मापाने सामान्य शिक्षकाचा अंगरखा बेतला, तर तो कोणालाच बसणार नाही, आणि शेवटी 'हे आपल्याला जमणारे नाही' ही पळवाट सर्वांनाच मिळेल.

तिसरी मर्यादा पुढच्या इतिहासाने दाखवली आहे. शिक्षक, धर्मगुरू, कामगार पुढारी, राजकीय कार्यकर्ता अशा, इतरांसाठी जगू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी समाजसेवेची एक वेगळी शाळा असावी, अशी मुलांची योजना होती. शिक्षकाला आणि धर्मगुरूला एकाच बाकावर बसवणारी ही कल्पना सेमिनरीत घडलेल्या मला मनापासून भावते. सेमिनरीत वर्षानुवर्षे पाहिले जाते ते केवळ गुण नव्हेत. हा तरुण लोकांमध्ये राहू शकेल का, हेही पाहिले जाते. परंतु ही योजना आराखड्यापलीकडे गेली नाही. इटलीने जुनी अध्यापक विद्यालये १९९८ पासून मिटवत आणली आणि प्राथमिक शिक्षकाचे शिक्षण विद्यापीठात नेले. आज ती पाच वर्षांची पदवी आहे आणि तीत प्रत्यक्ष वर्गातील सरावाला स्थान आहे. पत्राची अर्धी मागणी अशी पूर्ण झाली. उरलेली अर्धी? पूर्वी अठराव्या वर्षी मिळणारी सनद आता तेविसाव्या वर्षाच्या आसपास मिळते. डोंगरातील मजुराचा मुलगा तोवर कमाईविना शिकू शकतो का? आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता ठरवली आहे. शिक्षण दीर्घ झाल्याने ते सखोल होईल, अशी आशा आहे. पण शुल्क आणि वर्षे वाढली की दार अरुंद होते, आणि ज्यांच्या हाताला नांगर ठाऊक आहे तेच आधी बाहेर राहतात. कसोटी कठोर हवी आणि दार रुंद हवे, या दोन मागण्या एकत्र कशा साधायच्या याचे उत्तर पत्रात नाही. शिष्यवृत्तीचा आणि निवासाचा विचार त्यासोबत झाला नाही, तर कठोरपणा केवळ श्रीमंताच्या सोयीचा ठरतो.

या उणिवा जमेस धरूनही पुस्तकाचे मोल कमी होत नाही. त्याची भाषा हाच त्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. प्रत्येकाने आपले विचार सुट्या कागदांवर लिहायचे, ते एकत्र मांडायचे, पुनरुक्ती गाळायची, अनावश्यक शब्द खोडायचे, मग बाहेरच्या माणसाला वाचून दाखवायचे, अशा रीतीने वर्षभर खपून हे पत्र सिद्ध झाले. त्यात मिलानींचा हात किती आणि मुलांचा किती, हा वाद होत राहील. परंतु ज्या मुलांना भाषेत नापास केले गेले, त्यांनीच शिक्षकाच्या भाषेला मागे टाकणारे गद्य लिहिले, ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाहून बोलकी आहे.

मिलानींचे 'पाळकीय अनुभव' हे पुस्तक १९५८ मध्ये ख्रिस्तसभेच्या वरिष्ठांनी विक्रीतून मागे घ्यायला लावले होते. तो निर्बंध २०१४ मध्ये संपला आणि २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला जाऊन त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली. सन्मान उशिरा का होईना, मिळाला. मुलांच्या पत्राचा सन्मान मात्र ते वाचूनच होईल. आपल्या ज्या कुटुंबांतून मुलगा वा मुलगी यंदा अध्यापक विद्यालयात जाणार आहे, त्यांनी हे पुस्तक घरात आणावे आणि दुसऱ्या भागापासून वाचायला सुरुवात करावी. आपल्या शाळांच्या व्यवस्थापकांनीही ते वाचावे. आणि पुढच्या वेळी शिक्षक निवडताना प्रमाणपत्रे पाहून झाल्यावर उमेदवाराला वर्गातील सर्वांत मागे पडलेल्या मुलाजवळ अर्धा तास बसवावे. त्या अर्ध्या तासात जे दिसेल ते १५० प्रश्नांत दिसत नाही.