छोट्या संगणकावर ‘ब्लूटूथ आहे’ म्हणजे नेमके काय आहे?

तळहातावर मावणारा ‘रास्पबेरी पाय’ हा संगणक २०१२ साली ब्रिटनमध्ये निघाला, तो मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे या हेतूने. किंमत कमी आणि आज्ञावली बहुतांशी खुली; शाळेला याहून सोयीचे यंत्र क्वचितच मिळेल. २०१६ च्या ‘पाय ३’ पासून त्यात ब्लूटूथही आले. आमचा आक्षेप आहे तो गुणविशेषांच्या यादीतील या एका शब्दावर. त्यावर विसंबून वर्गासाठी बिनतारी हेडसेट घेणाऱ्या शिक्षकाची फसगत होऊ शकते.

ब्लूटूथ ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारी रेडिओ-जोडणी. तिच्यावरून वेगवेगळी कामे होतात आणि प्रत्येक कामाची स्वतंत्र नियमावली असते. तिला प्रोफाइल म्हणतात. हेडसेटला अशा दोन नियमावल्या लागतात. पहिली संगीताची. सीडीच्या प्रतीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने × १६ बिट × २ बाजू, म्हणजे सुमारे १४ लाख बिट. ब्लूटूथचा मूळ वेग सेकंदाला १० लाख बिटांचा. म्हणून आवाज दाबून साधारण सव्वातीन लाख बिटांत बसवतात. तो ऐकायला चांगला लागतो, पण जातो एकाच दिशेने: संगणकाकडून कानाकडे.

दुसरी नियमावली संभाषणाची. ती दुहेरी आहे, पण तिच्या मूळ रूपात सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्याहून अधिक वारंवारता टिपता येत नाही, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे सारे गळते. ‘स’ची सळसळ मुख्यतः त्या वरच्या भागात असते, ‘श’ची बरीचशी त्याखाली. ‘साल’ आणि ‘शाल’ यांतला फरक तपासू पाहणाऱ्या भाषाशिक्षकाला हा मायक्रोफोन काय मदत करणार? सुधारित रूपात १६,००० नमुने घेतात. मात्र ते दोन्ही बाजूंना असावे लागते.

ही मर्यादा ब्लूटूथचीच झाली. ‘पाय’ची अडचण पुढे आहे. मोबाइल फोनमध्ये रेडिओ-चिपकडून येणारे बोलणे वेगळ्या तारांनी थेट ध्वनिविभागाकडे नेण्याची सोय असते. ‘पाय ३’ मधली चिप मुळात त्याच रीतीने मांडलेली होती. बोलणे मुख्य प्रोसेसरकडे न जाता त्या वेगळ्या जोडण्यांकडे वळे. परिणाम असा, की हेडसेट जोडला जाई, गाणे वाजे, आणि मायक्रोफोन मुका राही. चिपला खास आज्ञा दिल्यावरच वाट बदले. त्यात लिनक्सवरील ‘ब्लूझेड’ या आज्ञावलीने २०१२ मधील पाचव्या आवृत्तीपासून संभाषणाचे काम इतर आज्ञावल्यांवर सोपवले होते. काम चौघांत वाटले गेले, जबाबदारी कोणाचीच उरली नाही.

२०२३ मध्ये ‘पाय’च्या कार्यप्रणालीत ‘पाइपवायर’ ही ध्वनिव्यवस्था आली आणि जोडणी पुष्कळ सोपी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच वर्षीच्या ‘पाय ५’ वरून हेडफोनची साधी खोबण काढून टाकली गेली. शाळेसाठी जन्मलेल्या यंत्राबाबत हा निर्णय आम्हाला पटत नाही. बिनतारी आवाज कानापर्यंत पोचायला साधारण एक-दोन दशांश सेकंद लागतात. ०.१५ सेकंदात ध्वनी हवेत सुमारे ५० मीटर जातो. म्हणजे बोलणारा जणू मैदानाच्या पलीकडे उभा. गाणे ऐकताना हे जाणवत नाही. पडदा वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीवर काम करणाऱ्या अंध विद्यार्थ्याला मात्र प्रत्येक कळ दाबल्यावर अक्षर उशिरा ऐकू येते. त्याच्यासाठी ती साधी खोबण ही चैन नव्हती.

याहून लहान पाट्यांवर तर ‘ब्लूटूथ’ हा शब्द आणखी फसवा ठरतो. ‘मायक्रोबिट’ किंवा ‘ईएसपी३२-सी३’ यांवर केवळ कमी ऊर्जेचे ब्लूटूथ आहे; नेहमीचा हेडसेट त्यांना जोडताच येत नाही. कमी ऊर्जेच्या ध्वनीची नवी नियमावली २०२२ साली पूर्ण झाली, पण तिलाही दोन्ही बाजूंची तयारी लागते.

तेव्हा आमची शिफारस अशी: वर्गात तारेचा यूएसबी हेडसेट घ्यावा. बिनतारी घ्यायचाच असेल तर आधी विचारावे: फक्त ऐकायचे आहे की बोलायचेही? संभाषणाची नियमावली चालते का? सेकंदाला नमुने किती? आणि हेडसेट हाती आलाच, तर ‘साल’, ‘शाल’, ‘सारा’, ‘शारा’ असे शब्द तारेच्या व बिनतारी मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रित करून मुलांना ते ऐकून लिहायला सांगावे. चुकांची मोजणी माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगेल.